तुम्ही नेमकं वाचता कसं? (आणि माझ्या ४१ टॅबांचं काय करू?)

सावनी_ह | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी लेकाला घेऊन मावशीकडे सदाशिव पेठेत गेले होते. तिच्या गल्लीजवळ एक जुना दगडी मनोरा आहे, दुचाक्यांच्या गराड्यात उभा. लेकाने विचारलं, हे काय? मावशी म्हणाली, "उच्छ्वास. कात्रजहून शहरात पाणी यायचं त्या जुन्या नळाचा. आतली हवा सुटायला." लेक म्हणाला, "म्हणजे नळ श्वास घेतो?" मावशी म्हणाली, "घेतो ना. तुझ्यासारखा घोरत नाही, एवढाच फरक."

झालं. घरी येऊन रात्री दहाला "जरा वाचू या" म्हणून बसले. उच्छ्वासावरून कात्रजचा तलाव, तलावावरून नानासाहेब पेशवे, नानासाहेबांवरून पानिपत, पानिपतावरून घोड्यांच्या जाती, आणि कसं कोण जाणे, एक वाजता मी बिडाच्या कढईला गंज चढू नये म्हणून काय करावं ते वाचत होते. ४१ टॅब उघडे. लेकाला सकाळी सांगण्यासारखं हाती काय? मावशीने सांगितलं तेवढंच.

एक गंमत मात्र दिसली. उच्छ्वासाबद्दल सात ठिकाणी वाचलं. सातही ठिकाणी तोच परिच्छेद, शब्द न् शब्द. आणि सातही ठिकाणी तिसरं वाक्य अर्धं! "पुढे हे पाणी शहरात आल्यावर" असं म्हणून वाक्य तिथेच संपतं. पूर्णविरामसुद्धा नाही. लगेच पुढचं वाक्य सुरू. पाणी शहरात आल्यावर काय झालं ते कुणालाच माहीत नाही, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही लोक एखादी गोष्ट हुडकायला बसता तेव्हा कसे वाचता? अथपासून इतिपर्यंत, की उड्या मारत? नंतर वाचू म्हणून साठवलेलं खरंच वाचता का? आणि "हं, हे आता खरं मानायला हरकत नाही" असं कधी म्हणता?

---

बोका_४११०३० | शनिवार, रात्री ११:५२

४१? हौशी आहात. फोनच्या ब्राउझरमध्ये शंभरावा टॅब उघडला की आकडा जातो आणि तिथे हसरा चेहरा येतो. मी तो चेहरा गेली तीन वर्षं बघतोय. माझ्याकडे बघूनच हसतो असं वाटतं.

---

ढब्बू_मिरची | रविवार, सकाळी ७:१५

मी वाचतच नाही आता, ऐकते. कणीक मळताना कानात काहीतरी लावायचं, दीडपट वेगाने. पोळ्या होईपर्यंत एक विषय उरकतो. हसू नका, गेल्या वर्षभरात जेवढी माहिती मिळवली तेवढी कॉलेजात नव्हती मिळवली.

फक्त घोटाळा एकच. कोणी म्हटलं "कुठे ऐकलंस?" तर सांगता येत नाही. "ते नाही का, मी भाजी परतत होते तेव्हा" एवढंच आठवतं.

---

कात्रणवाला | रविवार, सकाळी ९:०५

सावनीताई, चांगला विषय काढलात.

मी बँकेतून निवृत्त झालो २०११ साली. त्याआधीपासून कात्रणं ठेवतो. आज घरात ३४ बॉक्स फायली आहेत. पद्धत सांगतो. सकाळी चहाबरोबर पेपर पूर्ण वाचायचा, निळ्या पेन्सिलीने खूण करायची, पण कापायचं नाही. कापायचं दुसऱ्या दिवशी. कारण दोन. एक म्हणजे काल महत्त्वाचं वाटलेलं आज निम्मं महत्त्वाचं वाटत नाही. दुसरं म्हणजे १९९४ साली मी धरणांवरचा एक लेख घाईने कापला आणि त्याच्या पाठीमागे सौ.चं अर्धं सुटलेलं शब्दकोडं होतं. तेव्हापासून कागद उलटून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही.

प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात पेपरचं नाव आणि तारीख. ही नसेल तर ते कात्रण नाही, रद्दी. इंटरनेटवर माझी अडचण इथेच होते. लेख छान असतो, पण लिहिला कोणी आणि कधी याचा पत्ता नसतो. वर तारीख असते ती आजची. जणू आजच सकाळी कात्रजचं पाणी आलं.

आवडलेलं मी प्रिंट काढून फायलीत लावतो. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही इंटरनेटचंही कात्रण करता. करतो. त्याने पाठवलेल्या दुव्यांपैकी निम्मे दुवे आता उघडत नाहीत. माझी फाईल उघडते.

---

बोका_४११०३० | रविवार, सकाळी ९:२०

काका, ३४ फायलींतून हवं ते कात्रण सापडतं का?

---

कात्रणवाला | रविवार, सकाळी ९:४८

सापडतं. हवं असतं तेव्हा सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. पण शोधताना दुसरं सापडतं आणि दुपार चांगली जाते.

---

प्रा_डॉ_अर्धवट | रविवार, सकाळी ११:३०

(पीएचडी चालू आहे, नावावरून कळलंच असेल.)

मी शोधनिबंध सरळ कधीच वाचत नाही. आधी सारांश, मग आकृत्या, मग शेवट, मग मागची संदर्भसूची. मधला भाग गाईडने विचारलं तर. जयकर ग्रंथालयात पहिल्या वर्षी एका सीनियरने शिकवलं होतं की कोणी काय लिहिलंय हे नंतर बघ, कोणाच्या आधाराने लिहिलंय ते आधी बघ. तीन निबंधांच्या सूच्या पुढे ठेवल्या आणि एकच जुनं नाव तिन्हींत दिसलं, की ते आधी मिळवायचं.

उड्या मारण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पडद्यावर सगळेच उड्या मारतात. २००६ मध्ये जेकब नील्सन (लोक वेबसाइटी कशा वापरतात याचा अभ्यासक) याच्या मंडळींनी लोकांच्या नजरेचा माग काढला तेव्हा नजर इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी फिरताना दिसली. वरची एक ओळ आडवी पूर्ण, खाली आणखी एक अर्धीमुर्धी, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली घसरगुंडी.

कागद की पडदा यावरही बरंच काम झालंय. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. मिळून वाचक १ लाख ७० हजारांच्या वर. माहितीपर मजकूर कागदावर अधिक समजतो, आणि वेळेची घाई असेल तर फरक आणखी वाढतो, असं निघालं. कथा-कादंबरीत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी फोनवर वाचा बिनधास्त, इन्शुरन्सची पॉलिसी प्रिंट काढून वाचा.

---

बोका_४११०३० | रविवार, सकाळी ११:४१

तो 'एफ' इंग्रजीवाल्यांचा. आपण शिरोरेषेला लोंबकळत वाचतो. खालचे काना-मात्रा-वेलांट्या गृहीत धरतो, म्हणून तर इथे निम्मे प्रतिसाद मूळ लेख न वाचता येतात.

---

मेथीकूट | रविवार, सकाळी ११:४९

मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेच्या वर असतात हो.

---

बोका_४११०३० | रविवार, सकाळी ११:५०

बघा. न वाचता लिहिलं.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, दुपारी १:१०

माझा अनुभव जरा वेगळा. मला आवड म्हणून नव्हे, भांडण म्हणून वाचावं लागतं. सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर माझी निवड होऊन गेली होती.

फ्लॅट भाड्याने दिला तर मालकाकडून बिनभोगवटा शुल्क किती घ्यायचं, यावर आमच्याकडे दोन वर्षं वाद. ग्रुपवर रोज नवा मेसेज. एक म्हणतो २५ टक्के, एक म्हणतो भाड्याच्या १० टक्के, एक म्हणतो कोर्टाने हे शुल्क बंदच केलं. प्रत्येकाच्या खाली "अधिकृत माहिती, सर्वांना पाठवा". मी पंधरा-वीस वेबसाइटी वाचल्या आणि जास्तच गोंधळलो, कारण सगळे एकमेकांचं वाचून लिहिणारे.

शेवटी सोडवलं कोणी? तिसऱ्या मजल्यावरच्या ८१ वर्षांच्या आजोबांनी. त्यांच्याकडे मूळ शासन निर्णयाची झेरॉक्स होती. १ ऑगस्ट २००१. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली काढलेला. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सेवाशुल्काच्या, भाड्याच्या नाही. आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. अवघी पान-दीड पानाची भानगड! दोन वर्षं आम्ही त्या दीड पानाबद्दल वाचत होतो, ते दीड पान कोणी वाचत नव्हतं.

तेव्हापासून नियम केला. कायद्याचं काही असेल तर "सोप्या भाषेत समजून घ्या" वाला लेख फक्त एवढ्यासाठी वाचायचा की मूळ कागदाचा नंबर आणि तारीख काय. ती मिळाली की लेख बंद. सरकारी मराठी वाचायला जड जाते, "परंतु असे की" आलं की माझा श्वास अडकतो (उच्छ्वास!), पण तिसऱ्यांदा वाचल्यावर कळते.

---

कात्रणवाला | रविवार, दुपारी १:३५

त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे किती फायली आहेत?

---

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, दुपारी १:३८

काका, फायलींमुळे त्यांचं सुनेशी पटत नाही. जास्त विचारत नाही.

---

ढब्बू_मिरची | रविवार, दुपारी ४:२०

एवढं कोण करणार हो रोज? मला भोपळ्याच्या बिया खाव्यात की नाही एवढंच बघायचं असतं. त्यासाठी मूळ शासन निर्णय शोधू? सगळीकडे एकच लिहिलं असेल तर मी ते खरं धरते. दहा माणसं सारखंच सांगतात म्हणजे काही तरी असेलच ना.

---

मेथीकूट | रविवार, सायंकाळी ६:०२

ढब्बूताई, इथेच मला अडवायचं आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी संस्कृतची. शिकताना भांडारकर संस्थेत बरंच बसणं व्हायचं. तिथे महाभारताची चिकित्सित (म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ शब्द ठरवलेली) आवृत्ती झाली हे सगळ्यांना माहीत असतं. १९१९ साली काम सुरू, १९६६ साली पूर्ण, बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली. पण ते काम चालायचं कसं, हे सावनीताईंच्या सात टॅबांशी फार जवळून जोडलेलं आहे.

समजा एका श्लोकाच्या दहा पोथ्या पुढ्यात आहेत. आठ पोथ्यांत एक पाठ, दोनांत वेगळा. आपण म्हणू आठ जिंकले. पण पोथ्यांचं मतदान नसतं. त्या आठही एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील तर ते मत एकच, आठ वेळा मोजलेलं. दोन पोथ्या एक काश्मिरातली, एक केरळातली, एकमेकींना कधी न भेटलेल्या, आणि तरी दोघींत पाठ तोच, तर त्यांचं वजन जास्त.

मग आठ पोथ्या एकाच घरातल्या आहेत हे ओळखायचं कसं? चुकांवरून. बरोबर मजकूर सारखा असणं यात काही विशेष नाही, दोघांनीही बरोबर लिहिलं असेल. पण एकाच ठिकाणी एकच शब्द गळलाय, तीच ओळ दोनदा आलीय, असं दिसलं की समजायचं, एकाने दुसऱ्याचं पाहून उतरवलं, किंवा दोघांनी तिसऱ्याचं. परीक्षेतली कॉपीही बाई अशीच पकडायच्या. बरोबर उत्तरांवरून नाही, सारख्या चुकांवरून.

म्हणून ते अर्धं वाक्य सोनं आहे. "पुढे हे पाणी शहरात आल्यावर" हा सातही टॅबांच्या घराण्याचा तीळ. सात जणांनी सांगितलं असं नव्हे. एकाने सांगितलं, सहा जणांनी वाचलंसुद्धा नाही, नुसतं उतरवलं. वाचलं असतं तर वाक्य पुरं तरी केलं असतं.

मी कुठलीही गोष्ट हुडकताना आता हेच बघते. किती ठिकाणी आहे ते मोजत नाही. वेगळ्या शब्दांत, वेगळ्या चुकांसकट कुठे आहे ते शोधते.

---

सावनी_ह | रविवार, सायंकाळी ६:३०

दंडवत घ्या मेथीकूट! वाचनखूण साठवली. (हो, नंतर वाचू म्हणून साठवली. टॅब क्रमांक ४२.)

---

ऐकीव | रविवार, रात्री ८:१५

ढब्बूताई ऐकतात तशी मीही ऐकते, पण मला दुसरा मार्ग नाही. जन्मापासून दिसत नाही. संगणकावर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे, तो सगळं वाचून दाखवतो. वेग इतका ठेवलाय की घरच्यांना ती मराठी वाटतच नाही, भांड्यांचा आवाज वाटतो.

उड्या मी पण मारते. डोळस लोक नजरेने चाळतात, मी शीर्षकांवरून चाळते. 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक. लेखकाने शीर्षकं खरोखरची शीर्षकं म्हणून दिली असतील तर दोन मिनिटांत कळतं लेखात काय आहे. नुसती अक्षरं जाड करून ठेवली असतील तर माझ्यासाठी तो लेख म्हणजे दार नसलेला वाडा. भिंतीला हात लावत पहिल्यापासून चालायचं.

मेथीकूट यांनी पोथ्यांचं सांगितलं, त्यात माझी एक भर. तुम्हा लोकांना कॉपी केलेला मजकूर ओळखायला डोकं लावावं लागतं. मला कानाला लगेच कळतो. तोच अडखळा त्याच जागी येतो. 'उच्छवास' असा पाय न मोडता लिहिला की माझा यंत्रबाबा "उच्छ-वास" म्हणतो, कोणाच्या तरी घरी वास येतोय असं. तो वास मी पाच साइटींवर ऐकला, हा धागा वाचून मुद्दाम गेले होते.

आणि कात्रणवाला काका, राग मानू नका, पण कात्रणाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात ना, तो मला नुसता "प्रतिमा" म्हणून ऐकू येतो. सुंदर लेख आहे, नक्की वाच, आणि खाली: प्रतिमा. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. अडीचशे पानं शांतता.

---

कात्रणवाला | रविवार, रात्री ८:५०

राग कसला. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी रोज एक कात्रण सकाळच्या ग्रुपवर फोटो काढून टाकतो. त्या ग्रुपवरही कुणी असेल. उद्यापासून खाली चार ओळींत काय आहे ते लिहीन. टायपिंग हळू आहे, पण सकाळी मला वेळच वेळ असतो.

---

घाटावरची | रविवार, रात्री १०:०५

शुद्धलेखनावरून आठवलं. मराठीत शोधताना फक्त शुद्ध शब्द टाकू नका. लोक जसं चुकतात तसंही टाका. 'उच्छ्वास', 'उच्छवास', 'उश्वास', तिन्ही. वेगवेगळं निघतं.

आणि जुन्या पुस्तकांत शोधायचं असेल तर जुन्या चालीने लिहा. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, त्याआधीचे अनुस्वार आठवा. 'नाहीं', 'कां', 'पाणी आणिलें'. आजच्या पद्धतीने 'नाही' शोधलं तर यंत्र म्हणतं नाही. शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतात. मराठी विश्वकोशही नेटवर आहे, त्यात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. काकांची अट पूर्ण.

---

आयटीतला_आळशी | रविवार, रात्री ११:१२

अहो, कुठल्या काळात आहात सगळे? चॅटबॉटला विचारा, दहा सेकंदांत उत्तर. ४१ टॅब कशाला?

---

घाटावरची | रविवार, रात्री ११:३०

विचारलं होतं. पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर मराठी पुस्तकं सांग म्हटलं. पाच सांगितली, लेखक-प्रकाशक-सालासकट. अप्पा बळवंत चौकात चार दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "फोनने सांगितलं का? या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या." पाचांतलं एक होतं. त्यातही नाव वेगळं.

---

आयटीतला_आळशी | रविवार, रात्री ११:३४

बरं, एक तरी होतं ना.

---

प्रा_डॉ_अर्धवट | सोमवार, सकाळी १०:२०

वापरायला हरकत नाही, पण मग टॅब उघडायचा. बंद करून चालत नाही.

यावरून आठवलेला एक छान प्रयोग. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ लोकांना अनोळखी वेबसाइटी दाखवून विचारलं, हिच्यावर विश्वास ठेवाल का? १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस, २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर बसून वरपासून खाली वाचत राहिले. नाव भारदस्त आहे, लोगो छान आहे, संदर्भ दिलेत, आणि बरेचसे फसले. तपासनिसांनी काय केलं? पान जेमतेम बघितलं, सोडलं, आणि नवे टॅब उघडून दुसरे लोक या साइटबद्दल काय म्हणतात ते बघितलं. कमी वेळात बरोबर उत्तर. याला म्हणतात आडवं वाचन.

तेव्हा सावनीताई, टॅबांची लाज वाटू देऊ नका. फक्त बिडाच्या कढईपाशी थांबा.

---

बोका_४११०३० | सोमवार, सकाळी १०:२६

आडवं वाचन मी रोज करतो. दुसऱ्या पानाला झोप लागते.

---

ढब्बू_मिरची | सोमवार, दुपारी १२:४०

मेथीकूट, मान्य. पण माझा मुद्दा राहतोच. भोपळ्याच्या बियांना एवढा खटाटोप परवडत नाही. काय तपासायचं नि काय सोडून द्यायचं हे आधी ठरवावं लागतं ना? मी असं ठरवलंय: चुकलं तर माझंच पोट बिघडणार असेल तर ऐकीव माहिती चालेल. दुसऱ्याला सांगणार असेन तर नाही.

---

ऐकीव | सोमवार, दुपारी १२:५५

ऐकीव माहिती चालेल, धन्यवाद.

---

बोका_४११०३० | सोमवार, दुपारी १:०२

अवांतर: भेळेचा कागद हे वाचनाचं सर्वोच्च साधन होतं हे कोणीच कसं म्हटलं नाही? पुरवणीचं फाटकं पान, गोष्टीचा मधलाच भाग, ना सुरुवात ना शेवट. एका खुनाचा तपास मी अजून मनात करतोय, १९८८ पासून. आता भेळ कागदी द्रोणात, छापील कागदात खाणं गुंडाळू नका म्हणतात, शाई पोटात जाते म्हणून. आमच्या पोटात शाईबरोबर थोडं साहित्यही जात होतं.

---

कात्रणवाला | सोमवार, दुपारी १:३०

१९८८ सालातला कुठला महिना? पुरवणी रविवारची होती का? बघतो.

---

प्रा_डॉ_अर्धवट | सोमवार, रात्री ९:१५

मूळ मुद्द्यावर. मला काल झोप आली नाही (थिसिस लिहायचा होता, त्यामुळे दुसरं काहीही करायला उत्साह होता). सावनीताईंचं अर्धं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं. सात नाही, अकरा साइटी निघाल्या. बहुतेकांवर तारीख नाही. मग एकेक पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून बघितला, कुठलं पान कधीपासून तिथे साठवलेलं आहे ते. सगळ्यांत जुनं २००९ सालचं निघालं. एक ब्लॉग, आता बंद. परिच्छेद तोच. पण तिथे "पुढे हे पाणी शहरात आल्यावर" याच्या खाली एक रिकामा चौकोन आहे, फुली मारलेला. म्हणजे तिथे फोटो होता. फोटो साठवला गेलेला नाही.

लेखकाचं नाव नाही. नुसतं "वाड्यातला" असं आहे.

---

मेथीकूट | सोमवार, रात्री ९:२२

अर्धवटराव, हे केलंत ना, थिसिस गेला चुलीत!

---

मी_फक्त_वाचनमात्र | सोमवार, रात्री १०:४७

सहा वर्षं इथे सदस्य आहे, हा पहिला प्रतिसाद. हात थरथरतोय.

ते अर्धं वाक्य माझं आहे.

२००९ साली आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा मी तो ब्लॉग काढला होता. तीनच लेख लिहिले. त्या वाक्याच्या मध्ये फोटो टाकला होता, आमच्या मागच्या अंगणातल्या हौदाचा, आणि उरलेलं वाक्य फोटोच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं. तेव्हा मला ती फार भारी युक्ती वाटली होती. उचलणाऱ्यांनी मजकूर उचलला, फोटो आणि त्याखालची ओळ तिथेच राहिली.

पूर्ण वाक्य असं होतं: "पुढे हे पाणी शहरात आल्यावर आमच्या या हौदात पडे, आणि पणजी म्हणे, कात्रजबाई आल्या, कळशा काढा."

आपला परिच्छेद अकरा ठिकाणी आहे हे मला आज कळलं. आनंद व्हावा की काय व्हावं, समजत नाहीये.

---

सावनी_ह | सोमवार, रात्री १०:५५

अहो!! कात्रजबाई!

---

घाटावरची | सोमवार, रात्री ११:०३

स्वागत आहे. एक विचारू का? बाकीचा परिच्छेद, उतार कसा ठेवला, मनोऱ्यातून हवा कशी सुटते, गाळ कुठे बसतो, हे सगळं कुठून घेतलं होतंत?

---

मी_फक्त_वाचनमात्र | सोमवार, रात्री ११:१०

आजोबांनी सांगितलं होतं.

---

घाटावरची | सोमवार, रात्री ११:११

ते पाणीपुरवठ्यात होते का?

---

मी_फक्त_वाचनमात्र | सोमवार, रात्री ११:१४

पोस्टात.

---

मेथीकूट | सोमवार, रात्री ११:२०

म्हणजे अकरा साइटी, एक ब्लॉग, एक आजोबा. आजोबांचं खोटं असेल असं मुळीच म्हणत नाही, वाड्यातल्या माणसाने हौद स्वतः उपसलेला असतो. पण मतं किती झाली? एक. भारत इतिहास संशोधक मंडळात या नळाबद्दल काही कागद मिळतात का, ते या शनिवारी जाऊन बघते. कोणी येणार असेल तर सांगा. वाचनमात्र, तुम्ही याच. आणि तो फोटो कुठे आहे?

---

मी_फक्त_वाचनमात्र | सोमवार, रात्री ११:३१

जुन्या हार्ड डिस्कवर असावा. ती माळ्यावर आहे. शोधतो. येतो शनिवारी.

---

ऐकीव | सोमवार, रात्री ११:३६

फोटो टाकाल तेव्हा खालची ओळ या वेळी वर लिहा.

---

सावनी_ह | मंगळवार, सकाळी ७:५०

लेकाला शाळेत सोडताना कात्रजबाईचं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता त्या कुठे येतात?" शनिवारी त्यालाही घेऊन येते मंडळात, चालेल ना?

सात टॅब बंद केले. ३५ उरले. कढईचा ठेवलाय.